आयरिश संत-बिशपचं चरित्र कसं वाचावं: एड मॅक ब्रिकच्या निमित्तानं

सहाव्या शतकातल्या एखाद्या आयरिश बिशपबद्दल लिहायला बसलं की हाताशी बहुतेक वेळा एकच मोठा मजकूर असतो: त्याचं लॅटिन चरित्र. त्यात जन्म असतो, चमत्कार असतात, राजेरजवाडे असतात, शेवटी देह ठेवणं असतं. ते क्रमानं मराठीत उतरवलं की लेख झाला, असं वाटतं. पण हे चरित्र संत गेल्यावर दीडशे-दोनशे वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, त्याच्या चर्चच्या माणसांनी लिहिलेलं असतं. संताच्या काळाबद्दल ते थोडं सांगतं आणि लिहिणाऱ्यांच्या काळाबद्दल पुष्कळ. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवायच्या कशा, ते इथे एकाच माणसावर करून दाखवतो.

माणूस आहे एड मॅक ब्रिक, म्हणजे ब्रेकचा मुलगा एड. मध्य आयर्लंडमध्ये, आजच्या वेस्टमीथ परगण्यात, त्याची दोन मुख्य ठिकाणं: उश्नेख टेकडीजवळचं किल्लेअर आणि किलबेगनजवळचं रह्यू. तिसरं दूर वायव्येला, डोनेगलमधल्या स्लीव्ह लीग डोंगरावर. पॅट्रिक किंवा ब्रिगिदसारखा तो जगप्रसिद्ध नाही, आणि म्हणूनच सरावाला बरा. त्याच्याबद्दलचं साहित्य एका वहीत मावतं.

आधी माणूस पक्का करा

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. 'एड' म्हणजे अग्नी, आणि जुन्या आयर्लंडमध्ये हे नाव गल्लोगल्ली होतं. त्याला लाडाचे प्रत्यय लागतात. 'एडान' म्हणजे छोटा एड. 'माएदोक' म्हणजे 'माझा छोटा एड': पुढे 'मो' (माझा), मागे 'ओक' (लहान). लॅटिनमध्ये त्याचं 'आयदुस' होतं. इंग्रजी कारभार आल्यावर उच्चाराशी फारसा संबंध नसताना 'ह्यू' हे नाव त्याच्या जागी बसलं. म्हणून 'राथ एडा', म्हणजे एडची तटबंदी, हे गाव नकाशावर 'रह्यू' दिसतं आणि तिथली विहीर 'सेंट ह्यूची विहीर' म्हणून ओळखली जाते.

शोधताना निदान चार बिशप एकमेकांत मिसळतात. आपला एड मॅक ब्रिक; फर्न्सचा माएदोक; लिंडिसफार्नचा एडान, जो ३१ ऑगस्ट ६५१ ला वारला; आणि स्लेटीचा एड, ज्याला मुर्खूनं आपलं पॅट्रिकचरित्र अर्पण केलं. चौघंही आयरिश, चौघंही बिशप. त्यांना वेगळं करणारी खूण म्हणजे स्मृतिदिन. आपल्या एडचा १० नोव्हेंबर, माएदोकचा ३१ जानेवारी, लिंडिसफार्नच्या एडानचा ३१ ऑगस्ट. वहीच्या पहिल्या पानावर तीनच गोष्टी लिहा: बापाचं नाव, मुख्य ठिकाण, स्मृतिदिन. पुढे भेटणारी प्रत्येक नोंद या तिन्हींपैकी निदान दोहोंशी जुळली तरच आपल्या माणसाची समजा. नुसतं नाव जुळलं म्हणून घेऊ नका.

तिथी पक्की, साल कच्चं

आपल्याकडे संतांची पुण्यतिथी घरोघरी माहीत असते आणि सालावर वाद चालतात. तिथेही तसंच आहे. स्मृतिदिन म्हणजे मृत्यूचा दिवस. तो दरवर्षी चर्चमध्ये पाळला जाई, म्हणून टिकला. सन ८०० च्या पुढेमागे आयर्लंडमध्ये संतदिनांच्या दोन मोठ्या याद्या तयार झाल्या, एक ताल्लाच्या मठातली आणि दुसरी ओएंगसची पद्यातली. पहिला फेरा त्यांच्याकडेच मारा.

तारीख रोमन पद्धतीनं लिहिलेली असते. १० नोव्हेंबर तिथे 'नोव्हेंबरच्या इडीसपूर्वी चौथा दिवस' असा येतो. इडीस म्हणजे रोमन महिन्याच्या मध्याचा ठरलेला दिवस; नोव्हेंबरचा इडीस १३ तारखेला. तेरातून चार वजा केले तर ९ येतात, आणि नेमकी हीच चूक होते. रोमन मोजणीत सुरुवातीचा दिवसही धरतात: तेरा, बारा, अकरा, दहा. म्हणजे तेरात एक मिळवून मग चार वजा करायचे. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत इडीस १५ ला असतो, बाकी आठांत १३ ला. हा कोष्टक वहीत चिकटवूनच ठेवा.

सालासाठी 'ॲनल्स ऑफ अल्स्टर' ही वर्षवार नोंदवही पाहावी. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आठव्याच्या मध्यापर्यंतचा तिचा गाभा आयोना बेटावरच्या मठातल्या नोंदींतून आला असं मानतात. म्हणून या काळातल्या मृत्यूच्या नोंदींना वजन आहे. पण ती वाचताना दोन गोष्टींचं भान ठेवावं लागतं.

पहिली गोष्ट एका वर्षाच्या फरकाची. हस्तलिखितातला सनाचा आकडा पाचव्या शतकाच्या अखेरीपासून १०१२ पर्यंत खऱ्या सनापेक्षा एकानं कमी आहे. संपादक हिशेब दुरुस्त करून छापतात, पण जुन्या ग्रंथांत कच्चाच आकडा उतरलेला असतो. एकाच मृत्यूला एका पुस्तकात ५८८ आणि दुसऱ्यात ५८९ दिसलं तर तो मतभेद नसतो, दुरुस्ती केलेली आणि न केलेली एवढाच फरक असतो. आकडा कुठून घेतला आणि तो दुरुस्त आहे का, हे शेजारी लिहिलं नाही तर महिन्याभरानं तुम्हीच त्यात आणखी एक मिळवून बसाल.

दुसरी गोष्ट दुबार नोंदीची. या वह्या वेगवेगळ्या नोंदी जोडून बनल्या. जोडणाऱ्याला एकच मृत्यू दोन ठिकाणी वेगळ्या सालाखाली सापडला, की तो दोन्ही ठेवून देई. एडचा मृत्यू ५८९ ला दिसतो आणि ५९५ लाही. इम्लीचा बिशप अल्वे याचा तर तीनदा: ५२७, ५३४ आणि ५४२. अशा वेळी सरासरी काढायची नाही. दोन्ही सालं द्या, पहिलं आधी लिहा. जन्मसालाचा रकाना मोकळा ठेवा. कुठे जन्मसाल दिसलंच, तर ते बहुधा मृत्यूच्या सालातून कुणीतरी अंदाजानं मागे मोजलेलं असतं.

चरित्राची प्रत कोणती?

आयरिश संतांची लॅटिन चरित्रं मुख्यतः तीन संग्रहांत आली आहेत. त्यांना मागच्या मालकीच्या किंवा आजच्या ठिकाणांवरून ओळखतात: सालामांका, डब्लिन आणि ऑक्सफर्ड. सालामांकाचा संग्रह चौदाव्या शतकातलं हस्तलिखित आहे. तो स्पेनमधल्या आयरिश कॉलेजात होता, म्हणून त्याला हे नाव पडलं. आज तो ब्रुसेल्सच्या शाही ग्रंथालयात आहे. डब्लू. डब्लू. हाइस्टनं तो १९६५ मध्ये संपादित केला. डब्लिन संग्रहातली बरीच चरित्रं चार्ल्स प्लमरनं १९१० मध्ये दोन खंडांत छापली. एडचं चरित्र दोन्हींत आहे.

कोणतं घ्यावं? सालामांकाचं, निःसंशय. डब्लिनच्या संपादकानं भाषा घासूनपुसून गुळगुळीत केली, अनोळखी गावं आणि माणसं गाळली, अडचणीचे प्रसंग सौम्य केले. वाचायला ते सोपं जातं, पण आपल्याला नेमकी तीच खरखरीत टोकं हवी असतात. सालामांका संग्रहात नऊ चरित्रांचा एक गट आहे. त्यातली आयरिश नावं फार जुन्या वळणानं लिहिलेली आहेत. रिचर्ड शार्प यांनी १९९१ मध्ये या वळणावरून असं मांडलं की ही चरित्रं साधारण ७५० ते ८५० च्या दरम्यानची असावीत आणि चौदाव्या शतकातल्या लेखनिकानं ती जवळजवळ जशीच्या तशी उतरवली. एडचं चरित्र या नऊंत आहे. या कालनिर्णयावर चर्चा चालते, पण धरून चालायला तो भक्कम आहे.

तरी हिशेब डोळ्यासमोर असू द्या: मृत्यू ५८९, चरित्र लवकरात लवकर ७५० च्या आसपास. मधली दीडशेहून जास्त वर्षं कोरी. पॅट्रिकच्या बाबतीत त्याची स्वतःची दोन लॅटिन पत्रं उरली आहेत, त्यामुळे मुर्खू आणि तीरेखान यांची सातव्या शतकाअखेरची चरित्रं त्यांच्या शेजारी ठेवून तपासता येतात. पत्रांतला खचलेला, आपल्या लॅटिनबद्दल संकोचणारा माणूस आणि चरित्रातला राजांना नमवणारा पॅट्रिक यांच्यातलं अंतर एकदा पाहून घ्या. एडकडे अशी पत्रं नाहीत, म्हणून त्याचं चरित्र वाचताना तेच अंतर मनात धरावं लागतं.

पाच रकान्यांची वही

चरित्र छोट्या छोट्या प्रकरणांत असतं, बहुतेक प्रत्येक प्रकरणात एक प्रसंग. प्रत्येकासाठी एक आडवी ओळ आणि पाच रकाने आखा: जागा, माणसं, कुणाला काय मिळालं, चमत्कार, आणि कायदा किंवा रीत. पहिल्या वाचनात फक्त पहिले तीन भरा. चमत्काराचा रकाना मुद्दाम शेवटी भरा, कारण एकदा का तो डोळ्यांत भरला की बाकीचं दिसेनासं होतं.

शब्दांची थोडी पूर्वतयारी लागते. कोशातला पहिला अर्थ इथे बऱ्याचदा फसवतो. 'किविटास' म्हणजे शहर नाही, मोठा मठ आणि त्याभोवतीची वस्ती. 'मागुस' म्हणजे द्रुइद, ख्रिस्ती धर्माआधीच्या श्रद्धेचा पुजारी. 'फामिलिया' म्हणजे घरचं कुटुंब नव्हे, संताच्या नावाखालचा सगळा समुदाय. 'आलुम्नुस' म्हणजे दुसऱ्याच्या घरी वाढायला ठेवलेलं मूल. मुलं अशी दुसरीकडे वाढवणं ही तिथली सर्रास रीत होती. 'रेक्स' म्हणजे राजा खरा, पण छोट्या तुआथचा, आपल्या एखाद्या तालुक्याच्या मानाचा. असे राजे एकाच वेळी शंभरावर असत. 'रेक्स' दिसला की 'आयर्लंडचा राजा' लिहू नका.

बिशप या शब्दाचं वजनही समजून घ्यायला हवं. सन ७०० च्या सुमाराच्या 'क्रीथ गाब्लाख' या कायद्याच्या ग्रंथात सरळ प्रश्न आहे: श्रेष्ठ कोण, राजा की बिशप? उत्तर: बिशप, कारण श्रद्धेपायी राजा त्याच्यासाठी उठून उभा राहतो; बिशप मात्र राजासमोर नुसता गुडघा उचलतो. तुआथच्या राजाची अब्रूची किंमत, म्हणजे अपमान झाल्यास मिळायची भरपाई, सात कुमाल. कुमाल म्हणजे मुळात एक दासी, पुढे हिशेबाचं एकक, साधारण तीन दुभत्या गायींएवढं. चरित्रात राजा उठून उभा राहिला असं आलं, की लेखक केवळ नम्रता दाखवत नसतो, तो दर्जा सांगत असतो.

एक प्रसंग जवळून: भावांनी हिस्सा नाकारला

एडच्या चरित्रातला माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रसंग चमत्काराचा नाही. एड आजोळी, आईच्या माणसांत, मन्स्टरच्या हद्दीत वाढला. बाप वारल्यावर तो घरी आला आणि जमिनीत हिस्सा मागितला. भावांनी दिला नाही. तेव्हा त्यानं त्यांच्याकडची एक मुलगी उचलून नेली, हिस्सा मिळेपर्यंत अडकवून ठेवायला. वाटेत राथ लिफितेन इथे बिशप इलान भेटला. तो म्हणाला, मुलीला सोड, बापाची जमीन सोड, देवाकडे तुझा वाटा मोठा आहे. एडनं ऐकलं आणि तो तिथेच राहिला.

पाचवा रकाना इथे गच्च भरतो. आयरिश कायद्यात जमीन सर्व मुलांत वाटली जाई. धाकट्यानं वाटे पाडायचे आणि थोरल्यानं आधी निवडायचं, म्हणजे वाटे पाडणारा आपोआप प्रामाणिक राहतो. देणं थकलं तर समोरच्याची मालमत्ता नेऊन अडकवणं ही कायद्यानं मान्य केलेली रीत होती, फक्त आधी सूचना द्यावी लागे आणि मुदती पाळाव्या लागत. एडचा हिस्सा मागणं रीतसर होतं. मुलगी उचलणं त्या रीतीच्या कडेवर किंवा पलीकडे. लेखकानं ते लपवलं नाही. संताच्या नावाला अवघड जाणारी गोष्ट चरित्रात शिल्लक राहते, तेव्हा तिला इतर प्रकरणांपेक्षा जास्त किंमत द्यावी. ती जशीच्या तशी घडली असं नव्हे, पण ती सजावटीसाठी रचलेली नाही एवढं खरं.

आणि तिसरा रकानाही पाहा. आजोळ दक्षिणेला मन्स्टरमध्ये, बापाचं कूळ उत्तरेच्या बलाढ्य ई नेल घराण्याचं. संत दोन्हीकडचा, आणि कुणाकडेच त्याची जमीन नाही.

चमत्कार भरताना

'हे खरं का?' हा प्रश्न इथे पुढे नेत नाही. 'हे आणखी कुणाच्या चरित्रात आहे?' हा नेतो. गरोदर राहिलेल्या ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) पोटावर संतानं आशीर्वाद दिला आणि गर्भ नाहीसा झाला, हा प्रसंग एडच्या चरित्रात आहे. तोच ब्रिगिदच्या, सैगिरच्या कियारानच्या आणि केनेखच्या चरित्रांतही आहे. चार ठिकाणी आहे म्हटल्यावर तो एडच्या आयुष्यातला नाही, त्या काळच्या चर्चच्या विचारातला आहे, आणि तिथे तो फार महत्त्वाचा आहे. अशा प्रकरणांपुढे 'सामाईक' अशी खूण करा. एडचा रथ आकाशातून उडतो. अग्नी या नावावरून त्यात जुना अग्निदेव शोधण्याची टूम शंभर वर्षांपूर्वी होती. तिच्या नादी लागू नका. नुसत्या नावावरून देव सिद्ध होत नाही, आणि हे नाव तर शेकडो माणसांचं होतं.

'स्वतःचं' अशी खूण फक्त त्या प्रसंगांना, जे दुसरीकडे सहसा भेटत नाहीत आणि चरित्राबाहेरच्या कशाशी तरी जुळतात. एडच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे डोकेदुखी. असह्य डोकं दुखणारा माणूस येतो, आणि एड ती वेदना त्याच्या डोक्यातून काढून आपल्या डोक्यात घेतो. जन्मकथेतही डोकं आहे: प्रसूतीच्या वेळी आई दगडावर बसली होती, बाळाचं डोकं दगडावर आपटलं, पण इजा झाली ती दगडाला. त्यात खळगा पडला, आणि त्या खळग्यात साठणाऱ्या पाण्यानं आजार बरे होतात असं चरित्र सांगतं. बाहेरचा आधार कुठला? बोडेन सरोवरातल्या रायखेनाउ बेटावरच्या मठातून आलेलं एक लॅटिन स्तोत्र आहे, त्यात डोकेदुखीवर एडचा धावा केला आहे. आयर्लंडपासून इतक्या दूर आल्प्सच्या पायथ्याशी त्याचं नाव पोचलं ते या एका दुखण्यावर. रह्यूला आजही डोकेदुखीचा दगड दाखवतात.

यातून एडला डोकेदुखी होती असं सिद्ध होत नाही. सिद्ध इतकंच होतं की चरित्र लिहिलं गेलं तेव्हा लोक डोकं दुखलं की त्याच्याकडे येत होते, आणि दगड जागेवर होता. लिहिताना वाक्य असंच करा: 'डोकेदुखीवर त्याला साकडं घालण्याची रीत जुनी आहे.' 'तो डोकेदुखी बरी करी' असं नको.

नकाशा काढा

पहिल्या रकान्यातली सगळी गावं एका साध्या नकाशावर टिंबांनी मांडा. एडची टिंबं वेस्टमीथ, ऑफली आणि उत्तर टिपररी या पट्ट्यात दाट पडतात. उत्तरेचं ई नेल घराणं आणि दक्षिणेचं मन्स्टर यांच्यामधला हा सीमाभाग. आता शेजारी ॲनल्समधली ८५९ ची नोंद ठेवा: रह्यूला आयर्लंडच्या मानकऱ्यांची राजसभा भरली, तारा या राजपीठाचा राजा माल शेखनल आणि पॅट्रिकचा गादीवारस फेथग्ना हजर होते, आणि दक्षिणेकडच्या ओसरीचा राजा करव्हल यानं आपलं राज्य उत्तरेच्या अंमलाखाली दिलं. दोन बाजूंनी भेटावं अशी ती जागा होती, आणि तिच्या संताला बाप उत्तरेचा आणि आई दक्षिणेची. वंशावळीतला हा तोल लेखकाला ठाऊक होता असं मानायला जागा आहे, पण ते अनुमान आहे. लेखातही ते अनुमान म्हणूनच लिहा.

याच नकाशानं भेटीगाठीही तपासता येतात. चरित्रांत संत सर्रास एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटींमागे दोन मठांचं नातं असतं: कुणाचा हात वर, कुणी कुणाला मान द्यायचा. कालगणना त्यांना आवरत नाही. अल्वे पॅट्रिकच्याही आधी आयर्लंडात बिशप होता असं त्याचं चरित्र म्हणतं, आणि ॲनल्समध्ये त्याचा सर्वांत आधीचा मृत्यू ५२७ चा. भेट दिसली की दोघांची मृत्युसालं शेजारी लिहा. अंतर साठ-सत्तर वर्षांहून जास्त निघालं तर ती नोंद माणसांच्या यादीतून काढा आणि मठांच्या यादीत टाका. फेकू मात्र नका.

लेखात काय उतरवायचं

एवढं करून एडबद्दल छातीठोक लिहिता येतं ते असं:

'एड मॅक ब्रिक, सहाव्या शतकातला आयरिश बिशप, ई नेल घराण्याच्या केनेल फियाख शाखेतला मानला जातो. मृत्यू ५८९ (ॲनल्समध्ये ५९५ ला पुन्हा नोंद). स्मृतिदिन १० नोव्हेंबर. ठिकाणं: किल्लेअर, रह्यू, स्लीव्ह लीग. त्याचं लॅटिन चरित्र बहुधा ७५० ते ८५० मधलं. चरित्रानुसार तो आजोळी वाढला, वडिलोपार्जित हिश्श्यावरून भावांशी त्याचा वाद झाला आणि बिशप इलानच्या सांगण्यावरून त्यानं हक्क सोडला. डोकेदुखीवर त्याला साकडं घालण्याची रीत जुनी असून आयर्लंडबाहेरही पोचली होती.'

यात 'चरित्रानुसार' आणि 'मानला जातो' हे शब्द गाळू नका. संपादक जागेसाठी पहिल्यांदा त्यांच्यावरच कात्री चालवतात. त्याऐवजी उडत्या रथाचं वाक्य सोडून द्यायला तयार राहा. नावं मराठीत एकदा ठरवली की शेवटपर्यंत तीच ठेवा. जुन्या आयरिशमध्ये 'एड' मधला शेवटचा व्यंजनध्वनी मऊ होता, आजच्या आयरिशमध्ये तो गळून नुसता 'ए' किंवा 'ई' उरला आहे. पण वाचकाला 'एड' कळतं, तेव्हा तेच बरं. 'ह्यू' फक्त गावाच्या आणि विहिरीच्या नावापुरतं ठेवा.